गरम बॉनेट

नातवाला घेऊन त्याच्यासाठी छोटा ट्रॅक्टर बघायला विश्रामबागेतल्या शोरूममध्ये गेलो आणि तापलेल्या ऑइलचा वास आला.

एकाहत्तरची लढाई संपल्यावर वडिलांना, आबांना, असाच ट्रॅक्टर दाखवायला सांगलीला नेलं होतं. आबांचा जन्म बैलांत गेलेला. पलटणीत ट्रक चालवून आलेला मी, म्हणजे पारख माझी. "सकाळपासून बंद आहे, तरी हँडलच्या एका फेऱ्यात सुरू होईल," दुकानदार म्हणाला. झालाही. मी मान डोलावली. आबांनी मात्र बैलाचा ताप कान धरून बघावा तसा आधीच बॉनेटला हात लावला होता.

"सकाळधरनं बंद, मग गरम कसा?"

दुकानदार हँडल पुसू लागला. आम्ही तसेच परतलो. वाटभर मला आबांचीच लाज वाटत होती.

"अजून सुरूसुद्धा केला नाही, आजोबा," आजचा विक्रेता म्हणाला. मी सावलीतल्या त्या बॉनेटवर तळवा टेकवला आणि नातवाला जवळ बोलावलं.

"हितं हात लाव रं."