एक जूनची मुलगी

पुण्याच्या कसब्यात अख्तरबानूंना सगळे नुसतं बाई म्हणायचे. मुलींच्या शाळेत त्यांची बारा वर्षं नोकरी झाली होती, त्यातली दहा गाईडच्या पथकासोबत. चौकीची पायरी त्या एकदाच चढल्या, १९८४ च्या जूनमध्ये. सोबत मी होते, स्त्रियांच्या संघटनेतली. बोलायचं मी आणि कागद दाखवायचा बाईंनी, असं ठरलं होतं.

त्या शनिवारी पथकाचं नवं वर्ष सुरू व्हायचं होतं. पटांगणात चौदा मुली रांगेत उभ्या होत्या. झेंड्याची दोरी ओढायला शकू हवी होती, ती आलीच नाही. तिच्या शेजारणीनं खाली बघत सांगितलं, मंगळवारी तिचं लग्न आहे.

शकू सोळाची. बाप संपत, तांबट आळीत पातेली ठोकणारा. मे महिन्यात स्थळाची कुणकुण लागताच बाई त्याच्या दुकानात जाऊन बसल्या होत्या. अठराच्या आत लग्न लावलंत तर तुरुंग बघाल, असं त्यांनी चारचौघांत खडसावलं. संपत हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला. अठराच्या आत करणार नाही, असा त्यानं शब्द दिला. बाई खुशीत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मोर्चे काढत बसा, मी अर्ध्या तासात काम केलं.

आता शब्द मोडला म्हणून दोघीही पेटलो होतो. बाईंनी कपाटातून शाळेचं जुनं रजिस्टर काढलं आणि न उघडताच पिशवीत टाकलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुसऱ्यांच्या घरच्या भानगडीत पडू नका, त्यात तुम्ही. 'त्यात तुम्ही' म्हणजे काय, ते मी विचारणारच होते. बाईंनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

हवालदार मच्छिंद्रनं संपतला बोलावून घेतलं. कायदा मी पाठ म्हणून दाखवला. हवालदारानं रजिस्टरवर बोट फिरवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"एक जून सहासष्ट. म्हणजे पोरीला अठरा पूर्ण होऊन आठ दिवस झाले. अक्षर कुणाचं हे?"

बाईंनी पान आपल्याकडे फिरवलं. अक्षर त्यांचंच होतं.

बारा वर्षांपूर्वी थोरली सरू धाकट्या शकूला कडेवर घेऊन पहिलीच्या दारात उभी राहायची. आई धुण्याभांड्याला जायची, शकूला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. बाईंची नोकरी तेव्हा नवी. सरूचं शिक्षण बुडू नये म्हणून त्यांनी चार वर्षांच्या शकूला सहाची लिहून बाकावर बसवलं. तारीख ठाऊक नसली की एक जून लिहायची, ही सगळ्याच शाळांची रीत. शकू तीन वर्षं पहिलीतच पेंगली.

"तुम्हीच म्हणालात ना बाई, अठरा होऊ द्या," संपत म्हणाला. "म्हणून तर मेचा मुहूर्त सोडला."

टोमणा मारत नव्हता तो. मारला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

"ही नोंद खोटी आहे," बाई म्हणाल्या. "मी केलीय."

"मग पहिला गुन्हा तुमच्यावर," हवालदार म्हणाला.

"लिहा."

"कशाला? माझ्याही पोरीची एक जूनच आहे. अख्खं पुणं आत टाकू का?" त्यानं रजिस्टर मिटून बाईंच्या पुढे सरकवलं.

सोमवारी मी महापालिकेत शकूच्या जन्माची नोंद शोधली. बाळंतपण घरीच झालेलं, नोंद नव्हती. मंगळवारी लग्न लागलं.

पुढच्या शनिवारी सरू पटांगणात आली. तिला सातवीतून काढून उजवलं होतं. कडेवर आता तिचंच पोर होतं. तिनं घडी घातलेला, इस्त्रीचा गाईडचा स्कार्फ पुढे केला.

"शकूनं दिलाय बाई. दुसरीला होईल."

बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि पथकाच्या नोंदणीचा अर्ज पुढे ओढला. पहिल्या मुलीला जन्मतारीख विचारली.

"एक जून."

दुसरीची एक जून. तिसरीचीही. बाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवलं आणि महापालिकेचा दाखला आणा म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. दाखला घेऊन तिघी आल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिघींचं पथक होत नाही.

त्या वर्षी झालंच नाही.