दत्ता परबची गच्ची

दत्ता परब गेल्याचं मला रॉकेलच्या रांगेत कळलं. "हार्ट," एवढंच आमचा शेजारी म्हणाला... आणि मी रिकामा डबा घेऊन तसाच उभा राहिलो. त्याला सव्वा महिना झाला. या माणसाला मी मारलं होतं, हे सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल काहीच लिहिता येणार नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तो चौथ्या, शेवटच्या मजल्यावर राहायचा, मी दुसऱ्या, आणि सेक्रेटरीही मीच. गळती थांबावी म्हणून गच्चीवर डांबर घातलं ते मी, स्कूटर लावायला आवारातली दोन्ही झाडं तोडली तीही मीच. वर दत्ताच्या घराची भट्टी झाली. दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत निवत नसे आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई तळमळत राही. "काळं ऊन पितं रे, पांढरं परत पाठवतं," म्हणत एका रविवारी त्याने गच्चीभर चुना फासला.

चार दिवस म्हातारी शांत झोपली. मग चुन्याची भुकटी बायकांच्या पापडांना लागली, कुरकुर सुरू झाली, आणि मी माणूस लावून चुना घासायला घेतला. दत्ता धावत वर आला. "माझी आवस मरतली रे," तो आईसाठी विनवत म्हणाला. मी म्हटलं, "गच्ची काय तुझ्या बापाची?" त्याने माझी कॉलर धरली. मी तोंडावर बुक्की मारली, तो पडला, तरी थांबलो नाही; ब्रशचा दांडा उचलून हाणत राहिलो. डांबरावर रक्त दिसत नव्हतं, उरलेल्या चुन्यावर दिसत होतं. चुना मी पुरता काढून घेतला. नवव्या दिवशी भर दुपारी त्याची आई, आमच्या काकी, गेल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं... घरात, अंथरुणात.

हा आता मला भोसकणार, अशी माझी खात्री होती. पुढच्या चैत्रात तो दारात आला. समोरचे दोन दात नव्हते. "या वेळी डिंक घातलाय चुन्यात. वहिनींच्या पापडांना लागायचा नाही. मारू ना?" मी मान डोलावली. माफी तेव्हाही मागितली नाही आणि नंतरही नाही. लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी त्याच्यावरच खेकसायचो.

परवा त्याच्या खोलीत गेलो. काकींच्या पलंगाच्या बरोब्बर वर छताला हाताचा मळकट ठसा आहे. त्याची बहीण म्हणाली, आई गेल्यावरसुद्धा तो दुपारी स्टुलावर चढून स्लॅब किती तापलाय ते बघायचा. मी चढलो, ठशावर तळवा टेकवला. यंदा चुना कोणीच मारलेला नाही. चटका बसला, तरी हात तसाच धरून ठेवला... मोजून मिनिटभर जमलं. काकी त्या स्लॅबखाली नऊ दिवस होत्या.