डाव्या कोपऱ्याची पारख

पौषात नवं काही करू नये, आणि लग्न ठरलेल्या माणसानं तर घराबाहेर फार हिंडूच नये, असं आमच्याकडं मानतात. मी नुसता हिंडलो नाही. सांगलीजवळच्या आमच्या गावातून उठून साताऱ्याला गेलो आणि भर मैदानात, दिवसाउजेडी, आपला उजवा पाय एका अनोळखी माणसाच्या हातात स्वखुशीनं दिला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका साखर कारखान्यात ऊस विभागाचा कारकून होतो. त्या काळी आमच्या भागात कारखान्याचा बॉयलर थंड पडला तर एक वेळ चाले, पण कबड्डीचा संघ थंड पडून चालत नसे. कॉलेजातून चांगला खेळाडू निघाला की त्याला नोकरीत घ्यायचं. नोकरी सहीपुरती, बाकी सगळा घाम मैदानावर. पुढं पुढं खेळाडूंवरून कारखान्या-कारखान्यांत हमरीतुमरी व्हायला लागली. तेव्हा चेअरमन मंडळींनी तोड काढली. कॉलेजांचे सामने संपले की सगळ्या संघांच्या माणसांनी एकत्र बसायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी आधी निघेल त्यानं आधी आपला गडी उचलायचा.

त्या वर्षी आम्हाला डावा कोपरा हवा होता. आमचा जुना कोपरा फौजेत भरती होऊन गेला होता. कोपरा म्हणजे बचावाच्या साखळीचं टोक. चढाईवाला आत घुसला की खाली वाकून त्याचा घोटा धरायचा, आणि बाकीचे अंगावर पडेपर्यंत सोडायचा नाही, हे त्याचं काम.

आता ही पारख करायला मला का पाठवलं? एकदा मी सामना बघताना शेजाऱ्याला म्हणालो होतो, "ह्यो कोपरा मध्यंतराच्या आत आडवा होतोय बघ." आणि तो झालाही, पोट धरून बाहेर आला. मी त्याला खेळाआधी मटणाच्या ताटावर बसलेला पाहिला होता, एवढंच माझं ज्ञान. पण माझ्या मागं चेअरमन उभे होते. त्या दिवसापासून मी पारखी. मी ते नाकारलं नाही. फुकट मिळालेली पदवी परत करण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

लग्न माघात होतं. मुलीचे वडील पलटणीतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी आधीचं एक स्थळ, मुलगा किंचित लंगडतो म्हणून मोडलं होतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा समोर भरलेला तांब्या असताना ते मला म्हणाले, "जावा, हिरीवर जाऊन पानी पिऊन या." विहीर उसाच्या फडापलीकडं. त्यांच्याकडची काही रीत असेल म्हणून मी मुकाट्यानं गेलो, पाणी प्यालो आणि परत आलो. हवालदार ओसरीवरून माझ्या पायांकडं बघत होते. बाजारात बैल फिरवून बघतात तसे.

"चाल सरळ हाय," ते म्हणाले. "पावनं, दुसरं काय मागत न्हाई आमी. ह्ये पाय असंच मांडवात आना."

एवढंच मागणं होतं. तेही मला जमेना.

साताऱ्याला निघालो तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवानं टोकाला लिंबू खोचलेला अडकित्ता सतत जवळ बाळगायचा असतो, बाहेरचं काही लागू नये म्हणून. आईनं तो हळदीच्या आधीच माझ्या पिशवीत घातला.

"अगं, हळदीला अजून अवकाश हाय."

"असू दे. सपान वंगाळ पडलंय."

"काय पडलं?"

"तू घराकडं चालत येत हुतास. पर पावलांचा आवाजच न्हवता."

मी हसलो. एसटीत बसल्यावर मात्र उगाचच एकदा पाय आपटून बघितला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "मुंग्या आल्या काय?" मी हो म्हणालो.

माझ्याबरोबर आमच्या संघाचे शिक्षक होते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पित्तानं बेजार. साताऱ्यात आम्ही सामने बघायला बसलो आणि पहिल्याच सामन्यात मला तो दिसला. वडूजकडच्या कोरडवाहू भागातला. अंगानं काटक, खांदे उतरलेले, ओठ मिटलेले. डाव्या कोपऱ्यात वाकून उभा होता आणि तळहात मातीवर टेकवून ठेवला होता, जणू जमिनीखालचं काही ऐकत होता.

त्याच्याकडं कुणी जात नव्हतं. चढाईवाला मध्यरेषा ओलांडायचा, 'कबड्डी कबड्डी' करत पलीकडच्या कोपऱ्याशी झोंबायचा, मधे घुसायचा, पण डाव्या कोपऱ्याकडं फिरकायचा नाही. एक जण चुकून त्या बाजूला गेला आणि त्याच्याशी नजरानजर होताच दम तुटल्यासारखा मागं पळाला. सामना सरला तरी त्याच्या नावावर पकड नव्हती. मग माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मैदानाच्या त्या बाजूला बसलेले प्रेक्षकसुद्धा पाय आखडून बसले होते.

"ह्याला का भितात?" मी शेजारी बसलेल्या कोरेगावच्या एकाला विचारलं.

"आमच्या कॉलेजचा एक गडी गेल्ता त्याच्याकडं. अजून घरातच हाय." का, ते मी विचारलं नाही, आणि तेव्हाच विचारायला हवं होतं.

चहाच्या टपरीवर सगळ्या संघांची माणसं जमली. सगळ्यांच्या तोंडी तोच, आणि सगळे अडलेले. ज्याच्याकडं कुणी जातच नाही त्याची पारख करायची कशी?

सुभेदार म्हणाले, "जिथं सुरुंग असतोय तिथं कोन जात न्हाई. पर कोन जात न्हाई म्हनून तिथं सुरुंग असतोयच, असं बी न्हाई."

"मग पाय टाकून बघायचा," मी म्हणालो.

"कुनाचा?" पलीकडच्या कारखान्याचा जाडा माणूस म्हणाला. सगळे हसले. "पारखी, तुमचाच टाका की! का नवरदेवाला परवानगी न्हाई?"

इथं शहाणा माणूस चहाचा पेला ठेवून उठला असता. मी पेला ठेवला तो असा आपटून, की चहा हातावर सांडला. म्हणालो, "उद्या सकाळी, चिठ्ठ्यांच्या आधी. मी सोता चढाई करतो."

हात पोळला होता. तोंड वेळेवर पोळलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी उठलो तर सुभेदारांनी माझ्यापुढं पेला धरला. मीठ घातलेलं लिंबूपाणी. "पित्त उसळलं हुतं. तुमी बी घ्या, दम टिकंल." मी घटाघटा प्यालो.

"सकाळच्या पारी लिंबू कुठनं मिळालं तुमाला?"

"तुमच्याच पिशवीत हुतं की. अडकित्त्याला खोचलेलं. बरं केलंत, कापायला बी तोच कामाला आला."

मी मोठ्यांदा हसलो. आईनं दिलेली राखण मी मीठ टाकून पिऊन बसलो होतो. हसणं लवकरच संपलं. रिकामा अडकित्ता पिशवीत तोंड वासून पडला होता. तो मी मिटला आणि वर टॉवेल टाकला.

मैदानावर ऊन नुकतं पडत होतं. बघायला माणसं जमली होती, पण सगळी रेषेपासून लांब. थट्टा करणारा तो जाडा माणूसही मागं सरकून उभा होता. मी चड्डी वर खोचली. तो आधीच आपल्या कोपऱ्यात उभा होता. मध्यरेषेपाशी मला बघून सरळ झाला आणि अगदी हळू, घरच्यासारखं म्हणाला, "दादा, न्हाई आलासा तर बरं हुईल."

"का रं? घाबरलास?"

"न्हाई. हात सुटत न्हाई माजा."

"म्हंजे?"

"धरलं की मूठ बसती. मग मला बी सोडता येत न्हाई." त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले. साधे हात होते, शेतकऱ्याचे. त्यांच्याकडं तो असा बघत होता, की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्याच्याकडं सांभाळायला दिलेत. "मागल्या वेळी बी सांगितलं हुतं त्या गड्याला."

मला तिथून परत फिरता आलं असतं. मला विहीर आठवली, फड आठवला, ओसरीवरून पायांकडं बघणारे हवालदार आठवले. पण मागं सगळ्या जिल्ह्याचे पारखी उभे होते. मी दम भरला.

मी आत गेलो. एक हूल दिली, म्हणजे मला तरी ती हूल वाटली. तो हलला नाही. मी उजवा पाय पुढं टाकला, मागं ओढला, पुन्हा टाकला. त्याचा तळहात मातीवरून उठलेला मला दिसलाच नाही. घोट्याला गार काहीतरी लागलं. मग दाब आला. रसवंतीच्या चरकात कांडं जातं तसा, सावकाश, न थांबता. मी अंग फिरवलं. पाय फिरला नाही.

आतून आवाज आला. बारीक, वाळलं चिपाड मोडल्यासारखा.

त्यानंतरचा आवाज माझा होता आणि तो बारीक नव्हता. पोवई नाक्यापर्यंत गेला म्हणतात.

"सोड!" सुभेदार ओरडले.

"सुटंना!" तोही ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी सुभेदार आणि तो जाडा माणूस खाली बसले आणि त्यांनी त्याचं एकेक बोट उचकटून काढलं.

मला भिंतीला टेकवून बसवलं आणि तिथंच चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी त्या जाड्या माणसाच्या कारखान्याची निघाली. तो क्षणभरही थांबला नाही. "पारख्याला धरला तो!"

सुभेदार माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. "क्लार्कसाब, सुरुंग हाय ह्ये सगळ्यांना दावलंत तुमी. आपल्यालाच तेवढं दावायचं हुतं."

घरी पोचलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मी दोघांच्या खांद्यांवर. आईच्या स्वप्नातलंच झालं. माझी पावलं वाजलीच नाहीत. तिनं आधी पिशवी उघडली, अडकित्ता काढला.

"लिंबू कुठाय?"

"प्यालो."

तिनं अडकित्ता धुऊन देव्हाऱ्याखाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हवालदार येतील हे माहीत होतं. ते आले. सगळं ऐकून घेतलं, प्लास्टरवर काठीच्या टोकानं एकदा टकटक केलं. लग्न मोडलं असं ते म्हणाले असते तर मी सुटलो असतो. ते म्हणाले, "पलास्तर निघू द्या. मग हिरीवर जावा."

माघ गेला, फाल्गुन गेला. तिकडून निरोप नाही. प्लास्टर निघालं आणि मी अंगणात चालायला लागलो, तेव्हा कळलं की घोट्यात प्रत्येक पावलाला 'कट' असं वाजतंय. मला ऐकू येत होतं. दुसऱ्या कुणाला येतं का, हे विचारायची छाती नव्हती.

चैत्रात बोलावणं आलं. आई बरोबर होती. ओसरीवर हवालदार, त्यांचे भाऊबंद, आणि सगळ्यांच्या नजरा गुडघ्याखाली. समोर तांब्या नव्हता.

"जावा," हवालदार म्हणाले.

मी निघालो. कट. चाल सरळ ठेवली. कट. फड तुटून गेला होता, त्यामुळं विहिरीपर्यंतचं सगळं मोकळं, लपायला एक पेरही उरलेलं नव्हतं. दात आवळून गेलो, पाणी प्यालो, दात आवळून आलो. हवालदारांनी मान एका बाजूला कलती केली, बैल घ्यायचा की सोडायचा हे ठरवताना करतात तशी.

"आनी एकदा जावा," ते म्हणाले. "काय तरी वाजतंय."

आईनं पदर तोंडाला लावला. मी वळलो. एवढ्यात आतून आवाज आला, जो मी तोवर एकदाच, आणि तोही नुसतं नाव सांगताना, ऐकला होता.

"आबा, बास झालं की! त्यास्नी काय मोटंला जुंपायचं हाय?"

भाऊबंदांतला एक जण फिसकन हसला. हवालदारांच्या मिशीचं टोक हललं, पण ते हसू होतं की राग हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि मग ती स्वतःच तांब्या घेऊन बाहेर आली. तो माझ्यासमोर ठेवला, माझ्या घोट्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि आत गेली.

पाण्यात लिंबाची फोड होती. मी आईकडं बघितलं. आई मान हलवून नको नको म्हणत होती.