डाव्या बाजूची आई

कानसेन हे नाव मित्रांनी त्याला चिडवायला ठेवलं होतं, पण पठ्ठ्याने ते पदकासारखं मिरवलं. एका छोट्या स्टुडिओत बोलक्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण साफसूफ करणं हे त्याचं काम. वाचणाऱ्याने आवंढा गिळला, खुर्ची कुरकुरली, पलीकडच्या खोलीत कुणी दार लोटलं, की हा ते बरोबर हुडकणार आणि कापून टाकणार. निवडलेल्या तांदळात खडा राहील, पण याच्या हातून गेलेल्या पुस्तकात खाकरणं राहायचं नाही. स्टुडिओची मालकीण नव्या लोकांना सांगायची, "पुस्तक कुणीही वाचो, शेवटची सही यांच्या कानाची."

म्हणून एक पुस्तक परत आलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. डाव्या बाजूला पंख्याची घरघर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तशीच राहिली होती. मालकीण रागावली असती तर बरं झालं असतं. ती मऊ आवाजात म्हणाली, "दमला असाल. पुढचं पुस्तक घरी बसून निवांत करा. पण असं परत व्हायला नको हं."

दोष आपला असेल हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. दोष यंत्राचा. संगणकात आवाज म्हणजे नुसते आकडे, आणि त्या आकड्यांचा कानाला कळेल असा आवाज करणारा जो भाग संगणकात आयताच बसवलेला असतो, त्याच्याकडून काय डोंबल अपेक्षा ठेवायची? वेगळा कन्व्हर्टर हवा. या नादातली मंडळी त्याला 'डॅक' म्हणतात आणि त्यावरून सख्ख्या भावांसारखी भांडतात. भारीतले डॅक कानसेनच्या आवाक्यात नव्हते. शिवाय स्वस्तातलं रत्न हुडकण्यात जी मजा ती महागडं आणण्यात नाही, असं त्याचं मत होतं. तर त्याने तीन आणले. एक बोटाएवढा, शेपटीसारखी वायर असलेला. दुसरा काळा, जाड बटणाचा, दुकानातला. आणि तिसरा डबीवाल्याचा.

हा डबीवाला म्हणजे एक जुना टीव्ही दुरुस्त करणारा. टीव्ही दुरुस्त करून घेणं लोकांनी सोडलं, तेव्हा तो घरच्याच टेबलावर बसून डॅक जोडायला लागला. ॲल्युमिनियमची साधी डबी, तिच्यावर ना नाव ना नक्षी. हौशी श्रोत्यांचा फोनवर एक गट होता, त्यातले लोक त्या डबीची वाट बघत होते. पण आधी कानसेनने ऐकायचं आणि मग बाकीच्यांनी मागवायचं, असा त्या गटाचा रिवाज होता.

ऐकण्याची कानसेनची पद्धतही ठरलेली. आधी मीटर लावून तिन्ही डबे अगदी सारख्याच मोठ्या आवाजात वाजतील असे जुळवायचे, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, आणि इथेच भले भले फसतात. मग भिंतीकडे तोंड करून बसायचं. बायकोने पाठीमागून वायर बदलायची आणि कुठला डबा ते न सांगता नुसतं "लावला" म्हणायचं. आणि हेडफोन डावा डाव्या कानावर, उजवा उजव्यावर, यात कधीही बदल नाही. गटातल्या कुणीतरी एकदा सुचवलं होतं, की शंका आली तर हेडफोन उलटा घालून बघावा. त्यावर कानसेनने लिहिलं, "आज हेडफोन उलटा घालाल, उद्या पँट." गट आठवडाभर हसत होता.

परीक्षेचा तुकडा मात्र एकच. पूर्वी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन माइक ठेवून त्याने स्वतः मुद्रित केलेला. उजव्या बाजूला त्याची लेक, तेव्हा एवढीशी, बाहुलीला दटावत झोपवते आहे. डाव्या बाजूला त्याची आई मटार सोलते आहे. दाणे पातेल्यात टपटप पडतात आणि त्यांच्या आडून आई स्वतःशीच काहीतरी गुणगुणते. अगदी बारीक. आई गेली. तिचा आवाज असलेलं घरात दुसरं काही नव्हतं. कानसेन म्हणायचा, "ज्या डब्यातून आई ऐकू येते, तो डबा खरा."

एका रविवारी दुपारी परीक्षा झाली. बायको म्हणाली, "लावला." लेक बाहुलीवर डाफरली. डावीकडे काहीच नाही. "हा बोटाएवढा ना? वाटलंच. जीवच नाही त्यात." पुन्हा "लावला." पुन्हा तेच. "हा काळा. नुसतं बटण मोठं." तिसऱ्यांदा "लावला." मटाराचे एकदोन दाणे लांबून पडल्यासारखे वाटले, आई नाहीच. त्याने हेडफोन काढला आणि तो रागाने म्हणाला, "या डबीवाल्याने तर डावी बाजू गिळूनच टाकलीय!"

बायको बाकीच्या वायरी गुंडाळायला लागली. गेले कित्येक महिने ती बघत होती. ती डावीकडून हाक मारायची आणि हा ढिम्म. ती चिडायची तर हा म्हणायचा, "अगं, पुटपुटतेस कशाला? नीट बोल." जेवताना त्याने खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली होती, उजेड डोळ्यावर येतो म्हणून. आधीच्या कोपऱ्यात कसला उजेड आणि कसलं काय! पण नवऱ्याच्या कानाबद्दल बोलणं म्हणजे या घरात कुलदैवताबद्दल वाकडं बोलण्यासारखं होतं, म्हणून तिने ते गिळलं.

कानसेनने गटावर निकाल लिहिला. दुकानातल्या दोघांना त्याने चार टपल्या मारून सोडलं, पण डबीवाल्याला सोडलं नाही. आईला गायब करणाऱ्यावर त्याचा खरोखरच राग होता. "डावी बाजू मेलेली. घेऊ नका," एवढंच लिहिलं. त्याच संध्याकाळी लोकांनी आपापल्या मागण्या मागे घेतल्या.

दोन दिवसांनी डबीवाला स्वतः दारात उभा राहिला. हातात मीटर, शर्टाच्या खिशात टेस्टर. भांडायला आलेला नव्हता, हेच कानसेनला जड गेलं.

"दादा, चूक असेल तर दाखवा," तो म्हणाला. "दुरुस्त करतो. पण आधी हे बघून घ्या."

त्याने डबी उघडली, मीटर लावला. डावी बाजू, उजवी बाजू, काटा एकाच जागी. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तिथेच.

"मीटरला कान नसतात," कानसेन म्हणाला.

"खरंय दादा. म्हणूनच तुमच्याकडे आलो." डबीवाल्याने झाकण हळूच बसवलं. "मी काही जाणकार नाही. पण तुम्ही ऐकून सांगितलंत, की मग लोक आम्हाला काही विचारत नाहीत. ही इथेच राहू द्या. पुन्हा एकदा ऐका. हातातली सगळी डब्यांची कामं थांबलीयत, त्यामुळे मला काही घाई नाही."

चहाला थांबा म्हटलं तर थांबला नाही. तो जिना उतरेपर्यंत कानसेन दारातच उभा होता. काट्याला कान नसतात हे खरं, पण काट्याला खोटं बोलायचं कारणही नसतं, हे त्याला कळत होतं. आपण तो हेडफोन उलटा का घालून बघत नाही, हेही त्याला आतल्या आत कळत होतं. त्याला भीती वाटत होती.

दुपारी तो गादीवर नुसताच पडून होता. बायको टेबल आवरायला आली. डबीला हेडफोन तसाच लावलेला. इतक्या वर्षांत तिने तो कधी कानाला लावला नव्हता. वायर बदलणारीला ऐकायला कोण सांगतं! आज तिने लावला आणि तुकडा सुरू केला.

"अगंबाई!" ती मोठ्याने म्हणाली, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशी. "सासूबाई! अहो, किती स्वच्छ! मटार तर मटार, मध्येच थांबून दाणा तोंडात टाकलेला पण कळतोय!"

तो ताडकन उठला. "कुठल्या डब्यातून?"

"डबीवाल्याच्या. अहो, ऐका ना!" असं म्हणून तिने समोरूनच स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढला आणि त्याच्या कानावर घातला. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाने घातला की जसा बसायचा तसाच तो बसला.

टप, टप, टप. आणि आई गुणगुणली.

कानसेनचं तोंड लहान मुलासारखं फाकलं. "आली," तो म्हणाला. "अगं, आली!" डोळे भरून आले. आईने दाणा चावला. मग आईची खुर्ची कुरकुरली. मग तो थांबला. आई उजवीकडून येत होती. आणि लेक? लेक कुठे होती?

त्याने हेडफोन काढला, त्यावरचं डाव्या-उजव्याचं अक्षर बघितलं. फिरवून नीट घातला. लेक आली, आई गेली. पुन्हा फिरवला. आई आली, लेक गेली. बायकोने तोंडाला पदर लावला होता.

"तुला ठाऊक होतं?" त्याने हेडफोन टेबलावर ठेवत विचारलं.

"वाटत होतं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. औषधपाणी होईल काहीतरी."

"हो," तो म्हणाला. मग त्याने फोन घेतला आणि गटावर लिहायला लागला. बायको उजव्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिने वाचलं, आणि त्याचा हात धरला.

"अहो, मालकीणबाई पण आहेत ना या गटात?"

"आहेत."

"मग डबी चांगली आहे, एवढंच लिहा की. माझंच ऐकण्यात चुकलं म्हणा. कान कशाला मध्ये?"

कानसेनने थोडा विचार केला. खरंच थोडाच केला. "नुसतं चुकलं म्हटलं तर लोक म्हणतील, डबीवाल्याची भीड पडली असेल. मागण्या येणार नाहीत त्याच्या. माझ्या शब्दाने त्याचं काम गेलंय, ते माझ्या कानानेच परत यायला हवं." त्याने तिचा हात सोडवला. 'डबीच्या दोन्ही बाजू उत्तम आहेत. माझा डावा कान गेला आहे. मागवा.' त्याने ते पाठवलं.

थोड्याच वेळात फोन वाजायला लागला. स्क्रीनवर मालकीण होती. त्याने तो उचलला नाही, उलटा करून ठेवला. बायको स्वयंपाकघरात गेली.

मग त्याने तुकडा पुन्हा सुरू केला आणि हेडफोन हातात घेऊन बसला. कसा घालावा ते त्याला ठरवता येईना.