सगळ्या बोटी किनाऱ्यावर

आई गेली त्या दिवशी मी सालवडला क्लास घेत होतो. कारखान्यातल्या कामगारांना मी इंग्रजी शिकवतो. त्या सकाळी फळ्यावर ‘लीव्ह’ या क्रियापदाचा पूर्ण भूतकाळ होता. वाक्य मी माझ्या गावाहून, घिवलीहून आणलेलं: मी किनाऱ्यावर पोहोचलो, त्याआधी बोट निघून गेली होती. ‘हॅड लेफ्ट’. दोन गोष्टींतली जी आधी घडली, तिला ‘हॅड’ लावायचं, असं सांगत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. “आयची तब्येत बरी नाय. तू ये.”

सालवडहून घिवलीला रिक्षा जाते. मी घर सोडलं तेव्हा बोंबील वाळत घालता घालता आई म्हणाली होती, “जातो सालवडला, नि तोंड करतो दुबईला चालल्यावानी.” तुमच्यातले जे खरंच दुबईला गेलेत, त्यांना हे ऐकून हसू येईल. मलाही यायचं.

रिक्षात मनात एकच होतं, आई बोलतेय तोवर पोहोचायचं. समुद्र दिसू लागला तसा रिक्षावाला म्हणाला, “आज मच्छी नहीं मिलेगी साहब. सब बोट इधरीच खड़ी है. कोई त्योहार है क्या?”

सण नव्हता. वाराही नव्हता. आमच्या गावात कोणी वारलं की त्या दिवशी कोणी बोट काढत नाही. आणि बोटी निघतात पहाटे. म्हणजे मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं, त्याच्या कितीतरी आधी आई गेली होती. मी त्याला म्हटलं, “हळू चलो.”

दारात ताई होती. “फोनवर कसं सांगणार होते रे? रिक्षात एकटा असशील,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “आयनं वाट बघली तुजी. थोडीच बघली.” थोडी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या बोटी गेल्या.

तो धडा दर बॅचला येतो. मी आता पुस्तकातलं वाक्य देतो, स्टेशनचं आणि सुटलेल्या गाडीचं. ताई एडवणला तिच्या घरी असते. आईच्या बांबूंवर शेजारची काकी बोंबील वाळवते. मला रस्त्यात पाहिलं की म्हणते, “ये ना घरी.” म्हणजे तिच्या घरी.

आमचं घर बंद आहे.