बांगडी फुटली म्हणणारी कासारीण

शाहूपुरीत धान्याच्या वखारी संपतात तिथे चिमणाबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. रुंदी आठ फूट, पुढे एक बाक, आत त्या. बाजाराला आलेल्या बायका बैलगाडीतून उतरल्या की आधी इथे येतात. हात दाबून, हाडं सैल करून, मापापेक्षा एक नंबर लहान बांगडी चढवण्यात आपला हात धरणारी कासारीण कोल्हापुरात दुसरी नाही, असं चिमणाबाई स्वतःच सांगतात. ते खोटं नाही.

त्यांचं नाव झालंय ते मात्र वेगळ्या कारणानं. चढवताना एखादी बांगडी तडकली की त्या सरळ म्हणतात, "फुटली." नवी बाई दचकते. आपल्या घरांत बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्रही तुटत नाही, वाढतं. अभद्र शब्द ओठावर येऊ नये म्हणून बायकांनी ही बोली जपली आहे, आणि कासारणीनं तर ती सगळ्यांत आधी जपायची.

परवा एका म्हातारीनं त्यांना टोकलंच. "अगं, वाढवली म्हण की. जीभ झडंल काय?"

"लगीन ठरल्यावर सुपारी फुटली म्हंताना गोड लागतंय न्हवं मावशी? मग बांगडीनंच काय घोडं मारलंय?"

"सुपारीचं निराळं."

"निराळं काय न्हाय. एकदा वाढवली म्हटलं हुतं मी. आता न्हाय म्हणणार."

ते "एकदा" म्हणजे १९५२ सालचा श्रावण.

तेव्हा चिमणाबाईंचं दुकान नव्हतं. डोक्यावर टोपली आणि मंगळवार पेठेतली सतरा ठरलेली घरं, एवढाच धंदा. नवरा पिराजी दम्यानं अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन मुली. सगळा संसार त्या सतरा घरांवर चालायचा. पोस्टमन दारापर्यंत जातो, कासारीण माजघरापर्यंत जाते. म्हणून तिची जीभ सांभाळून असावी लागते. एका घरातलं दुसऱ्या घरात गेलं की दार बंद होतं.

सतरांतलं एक घर अण्णांचं. अण्णा एका कचेरीत हेडक्लार्क. बायको सरोजिनीबाई. एकुलती मुलगी मीनाक्षी, वय अठरा, कॉलेजात शिकणारी. गांधीजींच्या खुनानंतर अठ्ठेचाळीस साली ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्या जाळपोळीत या घराचा पुढचा सोपा जळाला होता. तिथे आता नव्या तुळया होत्या. त्या तुळयांखाली बसून मीनाक्षीला सयाजीचं नाव काढणं शक्य नव्हतं.

सयाजी तिच्याच वर्गात होता. शेतकऱ्याचा मुलगा, राहायला बोर्डिंगात. गाव बिद्रीच्या बाजूला, दूधगंगेच्या पलीकडे. जाळपोळीच्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता आणि बारा कोस लांब होता. पण सोपा जळालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

चिमणाबाईंची आणि त्याची ओळख बोर्डिंगच्या फाटकाशी झाली. त्यानं थांबवलं, म्हणाला, बहिणीसाठी बांगड्या पाहिजेत.

"माप?"

त्यानं बोटांचा वेढा करून दाखवला.

"पावणं, बहिणीचं माप असं बोटं थरथरवून कोण दाखवत न्हाय."

तो हसला. त्याला बहीण नव्हतीच. चार वर्षांचा असताना आई गेली. घरात बाप आकाराम आणि तीन भाऊ. भाकऱ्याही पुरुषच थापायचे. बांगड्या कुणासाठी हे चिमणाबाईंना पुढच्या आठवड्यात कळलं, आणि त्यानंतर दीड वर्ष त्या दोघांचे निरोप टोपलीतून ये-जा करत राहिले. त्यासाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही. "दोघं चांगली हुती. मला बरं वाटायचं," एवढंच कारण त्या देतात.

बावन्नच्या ज्येष्ठात अण्णांनी मीनाक्षीचं लग्न पेठ वडगावच्या एका वकिलाच्या मुलाशी ठरवलं. लग्न तुळशीनंतर. नागपंचमीच्या आधी वडगावच्या बायका आल्या आणि त्यांनी होणाऱ्या सुनेला हिरव्या बांगड्या भरायला सांगितलं. चिमणाबाईंनी भरल्या. भरून झाल्यावर मीनाक्षीनं रीतीप्रमाणे कासारणीला वाकून नमस्कार केला. पाहुण्या चहा घेऊन गेल्या, सरोजिनीबाई त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेल्या. तेवढ्यात मीनाक्षी परसात गेली आणि धुण्याच्या दगडावर दोन्ही हात आपटले. एकही बांगडी राहिली नाही. मनगटं दोन ठिकाणी कापली.

"बघितलंत ना?" ती चिमणाबाईंना म्हणाली. "बघितलं ते त्याला सांगा. आणि थांब म्हणावं."

चिमणाबाई तशाच बोर्डिंगला गेल्या. फाटकाशी पाच-सात मुलं उभी होती. जास्त बोलायची सोय नव्हती. बरोबर आणलेला निरोप चांगला होता, आनंदाचा होता. आणि पंचवीस वर्षांच्या धंद्यात "फुटली" हा शब्द त्यांच्या जिभेवर एकदाही आला नव्हता.

"वडगावच्यांनी बांगड्या भरल्या आज," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीनं वाढवल्या."

"वाढवल्या?"

"व्हय. दोन्ही हातांच्या."

"कुणी सांगितलं तिला?"

"कोण सांगतंय? आपल्या आपण. पावण्यांची पाठ वळली न वळली तोवर."

"रडली?"

"टिपूस न्हाय. थांब म्हणालीया तुला."

"कशाला थांबू?" सयाजी म्हणाला.

चिमणाबाईंना वाटलं, पोरगं खुशीनं बावचळलंय. त्या हसल्या आणि पुढच्या गल्लीला लागल्या. सयाजीला जे कळलं ते असं: वडगावच्यांनी बांगड्या भरल्या, आणि मीनाक्षीनं आपण होऊन त्यांत आणखी भर घातली. बायकांच्या बोलीतला हा शब्द त्याच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. उच्चारायला बाईच नव्हती.

त्यानं वळकटी बांधली आणि दुपारची मोटार धरली. दूधगंगेला पूर होता. उतारावर दोन माणसं गूळ रांधायची भलीमोठी कढई, काहील, घेऊन बसली होती. एरवी त्याच काहिलीत बसवून ती लोकांना पलीकडे नेत. "आज काहील घालणार न्हाय," त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, मला पोहता येतंय. ते खरं होतं. लहानपणापासून तो ही नदी पोहत आला होता. मध्यावर एक वाहतं झाड आडवं आलं, एवढं काठावरून दिसलं. तिसऱ्या दिवशी तीन मैल खाली प्रेत मिळालं. कागदावर नोंद झाली: पुरात वाहून मृत्यू.

ती चूक होती की निराशा, हे काठावरच्या दोघांनाही सांगता आलं नाही. बोर्डिंगातल्या पोरांकडून मीनाक्षीचं नाव कळलेल्या त्याच्या गावानं मात्र ठरवून टाकलं. अण्णांनी बोर्डिंगात जाऊन पोराला धमकावलं, म्हणून पोरगं असं पळत सुटलं. मीनाक्षीलाही तेच वाटलं. तिनं बापाशी बोलणं सोडलं.

खरी गोष्ट चौदाव्या दिवशी बाहेर आली. सयाजीच्या खोलीतला जोडीदार गुंडू चिमणाबाईंना फाटकाशी भेटला.

"त्या पोरीनं वडगावच्या बांगड्या जादा भरून घेतल्या म्हणं," तो म्हणाला. "असल्या पोरीसाठी गेला."

"कुणी सांगितलं तुला?"

"सयाजीच बोलला की जाताना. तुम्हीच सांगितलंसा त्याला."

चिमणाबाई फाटकाच्या पायरीवर बसल्या. गुंडूला आई होती, चार बहिणी होत्या. "वाढवल्या" हा शब्द सयाजीनं त्याला जसाच्या तसा सांगितला असता तर तो पोट धरून हसला असता आणि त्यानं मित्राला मोटारीतून खाली ओढलं असतं. पण सयाजीनं शब्द सांगितला नव्हता. त्याला कळलेला अर्थ सांगितला होता.

घरी येऊन त्यांनी पिराजीला सगळं सांगितलं. पिराजी बराच वेळ खोकला.

"गुंडूला कळलंय?"

"न्हाय."

"मग कुणालाच न्हाय. गप ऱ्हा. पोरगं परत येणार हाय व्हय? तू निरोप्या हुतीस हे पेठेत कळलं तर एक दार उघडं ऱ्हाणार न्हाय. सतरा घरं हायत, चिमणे. दोन पोरी हायत."

"पोराचा बा आकाराम आलाय गावात आज. आठ गडी घेऊन. आण्णाच्या दारात जाणार हायत."

"जाऊ देत."

"आण्णानं त्या पोराचं तोंडबी बघितलं न्हाय."

त्या उठल्या. टोपली न घेता घराबाहेर पडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

गल्लीनं दारं लावून घेतली होती. अठ्ठेचाळीसपासून गल्लीला ती सवय लागली होती. अण्णांचं दार उघडं होतं. सोप्यात आकाराम पटका मांडीवर घेऊन बसला होता, मागे त्याची माणसं उभी. अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे.

"तुमी काय बोललासा त्येला, तेवढं सांगा," आकाराम म्हणत होता. "आमी भांडाया आलो न्हाय."

"ते मागनं बघू," त्याच्या मागचा एक जण म्हणाला.

"मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही," अण्णा म्हणाले.

"खोटं आहे," आतल्या दारातून मीनाक्षी म्हणाली.

चिमणाबाई उंबऱ्यावर आल्या. "खोटं न्हाय. त्याच्याशी मी बोलले."

उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. दीड वर्षाचे निरोप, धुण्याचा दगड, फाटक, आणि फाटकाशी वापरलेला शब्द. काही गाळलं नाही, रडल्या नाहीत. "शब्द माझा हुता," त्या म्हणाल्या. "आण्णांनी ह्यात काय केलेलं न्हाय."

आकाराम मीनाक्षीकडे वळला. "व्हय गं पोरी? फोडल्यास?"

तिनं दोन्ही मनगटं पुढे केली. व्रण अजून लाल होते. आकारामनं ते बघितले. मग खाली बघत म्हणाला, "वाढवल्या म्हंजे फोडल्या, ह्ये त्येला ठावं न्हवतं."

"न्हाय."

"दुसरं लगीन कर म्हणत हुती समदी. पोरांस्नी सावत्र आई नको म्हणून केलं न्हाय मी." त्यानं मांडीवरचा पटका उचलला. "घरात बाई असती तर त्येला कळलं असतं."

मागचा गडी, जो "मागनं बघू" म्हणाला होता, त्यानं पायताणं हुडकायला सुरुवात केली.

अण्णा खुर्चीत बसले. "चिमणाबाई, तुम्ही निरोप नीट सांगितला असतात, तरी मी या लग्नाला नाहीच म्हटलं असतं," ते म्हणाले. ते खरं बोलणारे गृहस्थ होते.

"म्हटलंच असतंसा," चिमणाबाई म्हणाल्या. "म्हणून तर निरोप चोरून न्यावा लागत हुता. माझा वाटा मी घेतला, आण्णा. तुमचा तुमी बघा."

सरोजिनीबाई आतून पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या माजघरात बसून हे उद्योग केलेस? पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

आकाराम आणि त्याची माणसं निघाली. अण्णा त्यांच्याबरोबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. फटीतून बघणाऱ्या शेजाऱ्यांनी तेही बघितलं. मीनाक्षी त्या संध्याकाळी बापाशी दोन आठवड्यांनंतर पहिलं वाक्य बोलली: "वडगावला पत्र मी लिहिते." अण्णांनी दौत पुढे सरकवली. ती पुढे बी. ए. झाली. आता मुलींच्या शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही.

दोष कुणाचा, यावर पेठेत वर्षभर बोलणं झालं. कुणी बापाला बोल लावला, कुणी पोराच्या उतावळेपणाला, कुणी कॉलेजला, तर कुणी सरळ दैवाला. सरकारी कागदात दोष पुराचा आहे. चिमणाबाईंना हे मान्य नाही. "पूर दरसाल येतोय," त्या म्हणतात. "त्यो काय कुणाला बोलवाया जातोय? माणसानं मनातलं उघड बोलायचं न्हाय, पोरीनं बापापुढं बोलायचं न्हाय, कासारणीनं फुटलेल्याला फुटलं म्हणायचं न्हाय. एवढी तोंडं बांधल्यावर त्या पोरानं ऐकायचं तरी काय?"

त्या दिवशी त्या घरी पोचल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दिवेलागणीपर्यंत घराघरांतून सांगावे आले, कुणी मोलकरणीकडून, कुणी शेजारणीकडून. सगळ्यांचा मजकूर एकच: सणाला येऊ नका. गौरी-गणपती तोंडावर आले होते, टोपलीत माल भरलेला होता.

पिराजीनं अंथरुणावरून विचारलं, "किती?"

"सगळी."

"सतरा घरं घालवलीस."

चिमणाबाई टोपलीतल्या बांगड्या माप बघून लावत होत्या. सकाळी लवकर निघायचं होतं, शाहूपुरीच्या बाजूला.

"सतराच गेली न्हवं?" त्या म्हणाल्या. "गावात घरं किती हायत?"