काट्यावर बसणारे तात्या

बारामतीच्या गूळबाजारात ढेपांच्या आधी स्वतः काट्यावर बसणारा अडत्या मी एकच पाहिला. आमचे शेजारी तात्या. ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. समोरच्या पारड्यात वजने चढत गेली की शेतकरी कौतुकाने माना डोलवीत आणि तात्या मिशीवर हात फिरवीत म्हणत, "अंगात मांस तर मर्दपणा. काटक्यांनी का संसार हुतो?"

हे शास्त्र त्यांना इंदापूरच्या वैद्यबुवांनी दिले होते. बुवा स्वतः हडकुळे होते. त्यावरूनही तात्यांना संशय आला नाही. सकाळी तूप, दुपारी उडदाचे लाडू, रात्री साय. लग्नाच्या वर्षी जिना धावत चढणारे तात्या पुढे निम्म्या जिन्यात बसून धाप टाकू लागले. वर पोचले की घोरत. ते घोरणे गल्लीला ऐकू येई, आणि गल्ली त्याला पुरुषार्थाचे लक्षण समजे. त्यांच्या बायकोला, काशीवहिनींना, काय वाटते, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

एके दिवशी वहिनी पळसदेवला माहेरी निघून गेल्या. जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला नवरा पायजे. हितं तर पलंगावर गुळाची ढेप आणून ठिवल्यावानी वाटतंय." हे तात्यांच्या कानावर गेले. त्यांनी अर्थ लावला, मांस कमी पडले. लाडू दुप्पट झाले.

शेवटी ते बैलगाडी घेऊन आणायला गेले. वहिनी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "उसाला पानी द्याचं हाय. आबा थकल्यात. मोट तुमी हाका, मग बगू." जावयाने सासुरवाडीत मोट हाकायची म्हणजे अब्रूचे खोबरे. पण वहिनींशिवाय घर खायला उठत होते. तात्या राहिले. सासूनेही भाकरी-कालवणापलीकडे काही वाढले नाही.

उन्हाळा सरता सरता जोडपे परतले, तेव्हा बाजार हळहळला. "सासुरवाडीनं जावई वाळवला," लोक म्हणाले. वैद्यबुवांनी नाडी धरून निकाल दिला, पुरुष संपला. मात्र दिवस उगवायच्या आत उघडणारी अडत आता उन्हं वर आल्यावर उघडू लागली. कारण विचारले तर तात्या गुळाच्या भावाविषयी बोलत. मला त्यांचा हेवा वाटे, ते लपवत नाही.

दिवाळी आली. वहिनींचा भाऊ न्यायला आला आणि एकटाच परत गेला. माझ्या बायकोने काळजीने विचारले, "काय भांडण झालं का माहेरी?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "न्हाय वं. औंदा जायालाच नगं वाटतंय."